रोजा, सहरी आणि मधुमेहाची गोळी: एका नागरी आरोग्य केंद्राचे प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका शहराच्या जुन्या भागात हे नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. केंद्राच्या हद्दीतली बहुसंख्य वस्ती मुस्लिम. फळांच्या गाड्या, गॅरेज, रिक्षा, बांधकाम आणि बायकांचे घरबसल्या शिवणकाम यांवर इथली घरे चालतात. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार आशाताई घरोघरी जाऊन तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती नोंदवतात आणि त्यांना रक्तदाब आणि मधुमेहाच्या तपासणीसाठी पाठवतात. ज्यांना आजार निघतो त्यांना केंद्रातून मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या फुकट मिळतात. वर्षातले अकरा महिने ही व्यवस्था बऱ्यापैकी चालायची. बाराव्या महिन्यात, म्हणजे रमजानमध्ये, ती कोलमडायची.

मी तेव्हा जिल्ह्याच्या असंसर्गजन्य आजारांच्या कामाशी जोडलेली होते. 2023 च्या रमजानपासून 2024 च्या ईदपर्यंत या केंद्रात काय घडले, ते इथे लिहिते आहे. शहराचे, केंद्राचे आणि माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही. काही वैयक्तिक तपशील कोणी ओळखू येऊ नये म्हणून बदलले आहेत.

समस्या

2023 मध्ये पहिला रोजा 24 मार्चला होता. मराठवाड्यात तेव्हा ऊन तापायला लागलेले असते आणि पहाटेच्या फजरपासून सूर्यास्ताच्या मगरीबपर्यंत साडेतेरा ते चौदा तास पाण्याचा थेंबही घ्यायचा नसतो. केंद्राच्या रजिस्टरमध्ये मधुमेहाच्या पानांवरच्या नोंदी त्या महिन्यात विरळ झाल्या. आदल्या वर्षीही तसेच झाले होते. लोक गोळ्या घ्यायला येत नव्हते. जे येत होते त्यांना नर्सने विचारले की रोजा ठेवता का, तर बहुतेक जण मान हलवून नाही म्हणत.

त्यांतल्याच एक पन्नाशीच्या खाला (मावशी). मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही चालू होते. ग्लिमेपिराइडची गोळी सकाळी नाश्त्याआधी घ्यायची, असे त्यांच्या कार्डावर लिहिलेले. रमजानमध्ये नाश्ता नसतो, म्हणून त्या ती सहरीला, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, घेत होत्या. त्या दिवशी सहरीला उठायला उशीर झाला. गोळी घेतली, दोन घोट दूध पिऊन रोज्याची नियत (संकल्प) केली आणि दिवस सुरू झाला. संध्याकाळी सहाच्या सुमारास त्या भजी तळत उभ्या होत्या. अंगाला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. उन्हाचा आणि चुलीचा त्रास असेल असे त्यांना वाटले. कढईसमोरच त्या खाली बसल्या आणि मग बोलेनाशा झाल्या. सुनेने आरडाओरडा केला, मुलाने रिक्षात घालून खासगी दवाखान्यात नेले. साखर फार खाली गेली होती. त्या वाचल्या.

आठवड्यापूर्वीच त्या केंद्रात येऊन गेल्या होत्या. रोजा ठेवत नाही असे त्यांनी नर्सला सांगितले होते. का, असे नंतर विचारल्यावर त्या म्हणाल्या, "पिछले साल बोली थी मैं, तो सबके सामने डांट पडी. रोजा तो हम रक्खेंगेच, फिर बोलके क्या करना?"

या एका वाक्यात सगळी समस्या होती. आजाराची माहिती नाही म्हणून हे घडत नव्हते. या बाईंना आपला आजार, गोळ्यांची नावे आणि गोड खायचे नाही हे सारे माहीत होते. खरे सांगितले की ओरडा बसतो, हेही माहीत होते. त्यामुळे डॉक्टरांच्या कार्डावर एक वेळापत्रक चालू होते आणि घरात दुसरेच. कोणी दिवसभराच्या गोळ्या इफ्तारला, म्हणजे संध्याकाळी रोजा सोडताना, एकदम घ्यायचे, कोणी महिनाभर गोळ्या बंद ठेवायचे, तर कोणी सकाळचीच गोळी सहरीला घेऊन चौदा तास उपाशी राहायचे. शेवटचा प्रकार सगळ्यांत घातक. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो.

हे या एका शहरापुरते नाही. 2001 मध्ये 13 देशांतल्या 12 हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांचा मोठा अभ्यास झाला. टाइप 2 मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे 79 टक्के लोकांनी महिन्यात किमान 15 रोजे ठेवले होते. साखर धोकादायक पातळीला उतरण्याचे प्रमाण त्यांच्यात एरवीच्या महिन्यांपेक्षा साडेसात पट झाले होते. म्हणजे लोक रोजे ठेवणार हे वीस वर्षांहून अधिक काळ आकड्यांनिशी माहीत आहे. मधुमेह आणि रमजान यांविषयी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाची सविस्तर मार्गदर्शिका 2016 मध्ये आली, 2021 मध्ये ती सुधारली गेली. आपल्या केंद्राच्या कपाटात ती नव्हती, एवढेच.

इथे एक गोष्ट मला स्पष्ट बोलायची आहे. चातुर्मासात एकादशी धरणाऱ्या आजीबाईंना हेच दवाखाने प्रेमाने सांगतात, "साबुदाण्याऐवजी भगर खा, गोळी चुकवू नका." उपास का धरता म्हणून कोणी त्यांना झापत नाही. तोच समंजसपणा रोजा धरणाऱ्या बाईच्या वाट्याला आला नाही, आणि त्याची किंमत तिच्या शरीराने मोजली.

समोर असलेले पर्याय

मे महिन्यात केंद्रात बैठक झाली. वैद्यकीय अधिकारी मॅडम, दोन नर्स, फार्मासिस्ट, चार आशाताई आणि मी. चर्चा बराच वेळ चालली आणि मतभेदही झाले.

पहिला पर्याय सरळ होता. मधुमेह असलेल्या सर्वांना रोजा ठेवू नका असेच सांगत राहायचे, फक्त जास्त गोडीने. कुराणात आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे. राहिलेले रोजे पुढे भरून काढता येतात आणि ज्याला ते कधीच झेपणार नाहीत तो फिदया म्हणून गरिबाला जेवण देऊ शकतो. नर्सचे म्हणणे असे की धर्मच परवानगी देतो आहे, तर आपण ती लोकांना समजावून सांगू. वस्तीतच राहणाऱ्या एका आशाताईंनी याला हरकत घेतली. ही सवलत वस्तीत लहान पोरालाही ठाऊक आहे, असे त्या म्हणाल्या. ज्यांना गोळीवर साखर आटोक्यात ठेवता येते, चालता-फिरता येते, ते स्वतःला त्या सवलतीतला आजारी समजतच नाहीत. शिवाय रमजान म्हणजे नुसता उपास नव्हे. सगळे घर पहाटे एकत्र उठते, संध्याकाळी एकाच दस्तरख्वानावर बसते. त्यातून एकटीने बाजूला राहणे बाईमाणसाला फार जड जाते.

दुसरा पर्याय मशिदीतून जुम्याच्या खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, आवाहन करवून घेण्याचा होता. लसीकरणाच्या वेळी याचा उपयोग झालेला होता, त्यामुळे बऱ्याच जणांचा कल इकडे होता. यातल्या अडचणी एकेक करून समोर आल्या. या भागात वेगवेगळ्या मसलकांच्या (पंथांच्या) मशिदी आहेत. एकाच्या तोंडून सांगितले तर बाकीच्यांना ते परके वाटणार. जुम्याच्या नमाजाला इथे पुरुष जातात, स्वयंपाक आणि औषधांची आठवण मात्र बायकांकडे. आणि मुख्य म्हणजे कोणी रोजा ठेवावा आणि कोणी ठेवू नये हे मिंबरवरून (मशिदीतल्या प्रवचनाच्या व्यासपीठावरून) सांगितले गेले, की आजारी माणसावर उलटाच दबाव येऊ शकतो. शेजारीण विचारणार, इमामसाहेबांनी सांगितले तरी तू का ठेवतेस?

तिसरा पर्याय होता लोक रोजा ठेवणारच हे गृहीत धरून चालण्याचा. कोण रोजा ठेवणार आहे हे आधीच विचारायचे, धोका किती ते पाहायचे, गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलायच्या, साखर तपासायला शिकवायचे आणि रोजा कधी सोडायचा हे ठरवून द्यायचे. मॅडमना यात एक अडचण वाटत होती आणि ती खरी होती. ज्याने रोजा ठेवूच नये अशा रुग्णाला आपण वेळापत्रक करून दिले आणि त्याला काही झाले, तर? लिहून दिले म्हणजे परवानगी दिली असा अर्थ निघेल का?

निर्णयाचे टप्पे

तिसरा पर्याय घ्यायचे ठरले, पण मॅडमच्या शंकेला उत्तर देऊनच. मार्गदर्शिकेतल्या गुणांकनावरून रुग्णांचे कमी, मध्यम आणि जास्त धोक्याचे गट पाडायचे. ज्यांचे मूत्रपिंड बिघडले आहे, ज्यांना टाइप 1 मधुमेह आहे, ज्या गरोदर आहेत, ज्यांची साखर आधीच वारंवार खाली जाते, त्यांना रोजा ठेवू नका हा सल्ला स्पष्ट द्यायचा आणि तसा लिहायचा. तरीही त्यांनी ठेवलाच, तर उपचार आणि पाठपुरावा थांबवायचा नाही. सल्ला न मानणाऱ्या माणसाचीही तपासणी चालू ठेवायची, हे कागदावर लिहून मॅडमनी सही केली. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच.

गटांसाठी लाल, पिवळी, हिरवी कार्डे करावीत असे आमच्याच कार्यालयातून सुचवले गेले. आशाताईंनी ते हाणून पाडले. दाटीवाटीच्या गल्लीत लाल कार्ड कोणाकडे आहे हे तासाभरात सगळ्यांना कळते, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर त्याची चर्चा वेगळ्याच दिशेला जाते. गटाची खूण फक्त केंद्रातल्या रजिस्टरमध्ये राहिली.

उलेमांकडे, म्हणजे धर्मपंडितांकडे, आम्ही गेलो, पण दोनच प्रश्न घेऊन. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटतो का? इन्सुलिनच्या सुईने तुटतो का? वैद्यकीय सल्ला देण्याची विनंती कोणालाच केली नाही. चार मशिदींच्या इमामांना वेगवेगळे भेटलो. बोट टोचण्याबद्दल चौघांचेही उत्तर एकच आले: तुटत नाही. सुईबद्दल तिघांनी तसेच सांगितले, एकाने मत द्यायचे टाळले. आम्ही आग्रह धरला नाही. बहुतेकांचे इन्सुलिन तसेही इफ्तार आणि सहरीच्या जेवणाशीच जोडलेले होते, त्यामुळे तो प्रश्न क्वचितच उभा राहिला. बोट टोचण्याविषयीचे उत्तर मात्र फार मोलाचे ठरले. आदल्या वर्षी कितीतरी लोकांनी रक्ताचा थेंब निघाला की रोजा गेला, या समजुतीने तपासणी टाळली होती.

मग निरोप पोहोचवायचा कसा? आरोग्य खात्याच्या पद्धतीप्रमाणे पोस्टर छापायची तयारी झाली होती. वस्तीत राहणाऱ्या त्याच आशाताईंनी आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरचे सहर-इफ्तारचे वेळापत्रक काढून आणले. तेलाचे डाग पडलेला, वर एका मेडिकल दुकानाची आणि खाली एका मिठाईवाल्याची जाहिरात असलेला एक जाड कागद. तीसही दिवसांच्या वेळा त्यावर. रमजानच्या आधी दुकानदार आणि नगरसेवक असे हजारो कागद छापून वाटतात, आणि प्रत्येक स्वयंपाकघरात तो महिनाभर दिवसातून निदान दोनदा पाहिला जातो. आपले पोस्टर कोण पाहणार?

परिसरातल्या औषध दुकानदारांशी बोललो. त्यांनी आपल्या कागदाच्या मागच्या बाजूला आमचा मजकूर छापायला होकार दिला. मजकुरात घड्याळाची एकही वेळ घातली नाही. वेगवेगळ्या मसलकांच्या वेळापत्रकांत काही मिनिटांचा फरक असतो. आम्ही वेळ छापली असती तर एका बाजूचे ठरलो असतो. म्हणून खजुराचे चित्र आणि शेजारी गोळी म्हणजे इफ्तार, खिचडीच्या ताटाचे चित्र आणि शेजारी गोळी म्हणजे सहरी. वाचता न येणाऱ्या बाईलाही ते कळत होते. किती गोळ्या, ते मॅडम किंवा फार्मासिस्ट पेनाने त्यावर लिहून देत.

जे केले

काम रमजानमध्ये नव्हे, त्याआधीच्या शाबान महिन्यात सुरू झाले. 2024 मध्ये पहिला रोजा 12 मार्चला होता. आम्ही फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला विचारायला सुरुवात केली. प्रश्न बदलला होता. "रोजा ठेवता का?" याऐवजी "या वर्षी किती रोजे ठेवायचा विचार आहे?" आणि तो आडोशाला, दार लोटून.

शाबानचा एक फायदा आमच्या आधी लक्षात आला नव्हता. पाळीमुळे किंवा आजारपणामुळे सुटलेले मागच्या वर्षीचे रोजे बऱ्याच बायका याच महिन्यात कजा (भरपाई) म्हणून ठेवतात. म्हणजे धोका रमजानच्या आधीच सुरू झालेला असतो. आशाताईंनी ते सांगितल्यावर त्याच रोज्यांचा उपयोग आम्ही चाचणी म्हणून केला. गोळ्यांच्या बदललेल्या वेळेवर एक-दोन रोजे, दुपारी आणि असरनंतर (दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर) साखरेची तपासणी, आणि त्यावरून मात्रा पक्की.

गोळ्यांचे बदल डॉक्टरांनीच केले. दिवसातून एकदाची ग्लिमेपिराइड सहरीवरून इफ्तारला आली आणि ज्यांची साखर आटोक्यात होती त्यांची मात्रा कमी झाली. मेटफॉर्मिन तीनदा घेणाऱ्यांची दुपारची मात्रा इफ्तारच्या मात्रेत मिळवली. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली तर दिवसभर पाणी नसताना शरीर कोरडे पडते, म्हणून तीही संध्याकाळी गेली.

जेवणाविषयीचे बोलणे घराघरांत, स्वयंपाक करणाऱ्या बायकांशी झाले. मधुमेह सासऱ्यांना असला तरी बैठक सुनेबरोबर. रात्री बाराला पोटभर जेवून झोपायचे आणि सहरी चुकवायची ही सवय अनेक घरांत होती. ती मोडणे पहिले काम. सहरीला दूध-फेनी खाऊन उठणाऱ्यांची साखर आधी झपकन चढे आणि मग उतरत जाई. इकडची खिचडी, कीमा आणि खट्टा ही सहरी त्यापेक्षा कितीतरी बरी. मसूर डाळ सढळ, भात बेताचा, सोबत दही, आणि जेवण सहरीचा वक्त संपायच्या शक्य तितके जवळ. आहारतक्त्यातले ओट्स आम्ही काढून टाकले. इफ्तारला खजूर एक किंवा दोन, सरबताऐवजी आधी पाणी, मग थोडे थांबून जेवण. तळलेले बंद करा असे म्हटले नाही. समोसा एक, आणि रोज नाही, एवढेच ठरले. त्यामुळे बायका पुढचे ऐकायला तयार झाल्या.

रोजा कधी सोडायचा हे तीन ओळींत लिहिले होते. साखर 70 च्या खाली गेली, 300 च्या वर गेली, किंवा घाम, थरथर, गोंधळल्यासारखे झाले तर तिथल्या तिथे रोजा सोडायचा. 70 ते 90 च्या दरम्यान असेल तर तासाभरात पुन्हा तपासायची.

खरी कसोटी या तीन ओळींचीच होती. साखर बहुधा शेवटच्या दीड-दोन तासांत उतरते, आणि नेमकी तेव्हाच रोजा सोडायला माणूस सर्वांत नाखूश असतो. सगळा दिवस काढला, आता वीस मिनिटांसाठी सोडायचा? म्हणून तपासणी मगरीबच्या तोंडावर न ठेवता असरनंतर लगेच ठेवली. तेव्हा अजान दूर असते. "थोडंच राहिलंय" असे मनाला समजावता येत नाही.

परिणाम

आदल्या वर्षी बेशुद्ध पडलेल्या खाला या वेळी स्वतःहून आल्या. त्यांची ग्लिमेपिराइड कमी होऊन इफ्तारला गेली. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी असरनंतर सुनेने केलेल्या तपासणीत साखर 68 आली. त्या थांबायला बघत होत्या. सुनेने कागद उलटा करून ओळ दाखवली आणि हातात खजूर ठेवला. त्यांनी रोजा सोडला, दुसऱ्या दिवशी मॅडमनी मात्रा आणखी कमी केली, आणि ईदनंतर त्यांनी तो एक रोजा कजा म्हणून भरला. त्या महिन्यात त्यांना दवाखान्यात भरती व्हावे लागले नाही.

एक साठीचे गृहस्थ इन्सुलिनवर होते, मूत्रपिंडही कमकुवत. त्यांना स्पष्ट नको सांगितले होते. तरी त्यांनी रोजे सुरू केले आणि तसे फोन करून कळवले. नर्सने न रागावता एक दिवसाआड तपासणीला बोलावले. आकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर काही रोज्यांनंतर त्यांनीच थांबायचे ठरवले आणि फिदया दिला. आदल्या वर्षीच्या पद्धतीत ते आमच्यापर्यंत पोहोचलेच नसते.

रमजानमध्ये रजिस्टर रिकामे राहिले नाही, हा बदल केंद्राला सर्वांत आधी जाणवला. पण या कामातून साखर उतरण्याचे प्रसंग किती कमी झाले, हे मी आकड्याने सांगणार नाही. आधीच्या वर्षांत लोक रोजेच लपवत होते, तर तुलना कशाशी करणार?

पुरुष मात्र निसटले. संध्याकाळची ओपीडी नेमकी इफ्तार आणि मगरीबच्या वेळी उघडी, म्हणून ती ओस पडायची. तरावीहनंतर, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या खास नमाजानंतर, साडेनऊला केंद्र उघडण्याची परवानगी मागितली. नर्सना रात्री घरी सोडण्याची सोय आणि रखवालदार यांचा प्रश्न होता, त्यामुळे आठवड्यातून दोनच रात्री मिळाल्या. फळगाडीवाले आणि गॅरेजवाले त्या रात्री खरेच आले, पण सगळ्यांना पुरतील इतक्या दोन रात्री नव्हत्या. ग्लुकोमीटरच्या पट्ट्याही तिसऱ्या आठवड्यात कमी पडू लागल्या आणि त्या जास्त धोक्याच्या गटासाठी राखून ठेवाव्या लागल्या.

पुन्हा करताना

ईद झाली की काम संपले असे धरले गेले. तसे नाही. ईदच्या दिवशी शीरखुर्मा घरोघरी फिरतो, आणि गोळ्यांच्या वेळा परत सकाळवर आणायच्या असतात. काही जण मेपर्यंत रमजानच्याच कमी मात्रेवर राहिले आणि त्यांची साखर चढली. काही जण ईदपासून सुरू होणाऱ्या शव्वाल महिन्याचे सहा रोजेही ठेवतात. त्यामुळे ईदनंतरच्या पहिल्या आठवड्यातली भेट शाबानमधल्या पहिल्या भेटीच्या दिवशीच लिहून द्यायला हवी.

पट्ट्यांची मागणी शाबानच्या आधीच्या रज्जब महिन्यातच नोंदवायला हवी. चांद्रमास दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतात, त्यामुळे ठरलेल्या इंग्रजी तारखेवर आखलेली खरेदी दर वर्षी चुकते. 2025 चा रमजान मार्चच्या सुरुवातीला आला, पुढे तो हिवाळ्यात जाईल आणि रोजे लहान होतील. उन्हाळ्यासाठी बसवलेल्या मात्रा तेव्हा जशाच्या तशा चालणार नाहीत.

वस्तीतल्या युनानी डॉक्टरांना आम्ही सुरुवातीला सामील करून घेतले नव्हते. रात्री अकरापर्यंत त्यांचे दवाखाने उघडे असतात आणि फळगाडीवाला घरी जाताना तिथेच थांबतो. गोळ्यांचे बदल केंद्रातच व्हावेत, पण साखर तपासणे आणि रोजा सोडण्याच्या तीन ओळी सांगणे हे काम ते सहज करू शकतात. पुरुषांपर्यंत पोहोचायला दोन रात्रींच्या ओपीडीपेक्षा हा रस्ता जवळचा आहे. पुढच्या शाबानच्या बैठकीला त्यांना बोलावायचे ठरले आहे.